संगणकाची खानेसुमारी

‘तुमच्या गावात किती?’ असे कोणी विचारले, तर तुम्ही लगेच उलट विचाराल, ‘किती काय? घरे, चुली की माणसे?’ कारण या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असतात. एका वाड्यात तीन भाऊ वेगळे राहत असतील, तर वाडा एक, पण चुली तीन. आणि प्रत्येक चुलीवर जेवणारी माणसे किती, हे तर आत जाऊन विचारल्याशिवाय कळणारच नाही.

लोकसंख्या मोजण्याच्या कामाला आपल्याकडे पूर्वी ‘खानेसुमारी’ म्हणत. फारसी भाषेत ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमारी’ म्हणजे मोजणी. आपल्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्यादेखील चुलीवरूनच केलेली आहे. जी माणसे एकत्र राहतात आणि एकाच सामाईक स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. घर, चूल आणि माणूस या तीन गोष्टी जो मोजणीदार एकमेकींत मिसळील, त्याची वही चुकलीच म्हणून समजा.

आता गंमत पाहा. तुमच्या शाळेतील संगणकात ‘किती प्रोसेसर आहेत?’ हा प्रश्नही अगदी असाच आहे. त्यालाही तीन उत्तरे आहेत: सॉकेट किती, कोअर किती आणि थ्रेड किती. ही खानेसुमारी संगणक सुरू होताना दर वेळी आपोआप होते. ती कशी होते, तीत कोठे फसगत होते आणि ती चुकली तर काय बिघडते, हे आज आपण पाहू.

वाडा, चूल आणि भाकरी करणाऱ्या दोघी

संगणकाच्या मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक चौकोनी बैठक असते. तीत प्रोसेसरचा तुकडा बसवतात. या बैठकीला सॉकेट म्हणतात. घरच्या संगणकात ती बहुधा एक असते; मोठ्या कामाच्या संगणकात दोन, चार किंवा अधिकही असतात. सॉकेटमध्ये बसलेला प्रोसेसर हा आपला वाडा.

प्रोसेसरच्या आत प्रत्यक्ष आकडेमोड करणारे जे संपूर्ण यंत्र असते, ते म्हणजे कोअर. मराठीत त्याला गाभा म्हणता येईल. बेरीज-गुणाकार करणारी मंडले, आज्ञा वाचणारी मंडले आणि लगतची छोटी कोठी, म्हणजे कॅश स्मृती, असे सारे त्यात असते. ही आपली चूल.

पूर्वी एका वाड्यात एकच चूल असे. पुण्यातील सी-डॅक ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्स्प्युटर नावाचे ६४ प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. प्रत्येकाचा गाभा एकच आणि प्रत्येकाची स्मृतीही वेगळी. तेथे मोजणीचा प्रश्नच नव्हता. तुकडे मोजले की गाभे मोजले गेले, ६४ म्हणजे ६४.

मग एका वाड्यात अनेक चुली का आल्या? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. प्रोसेसरचा वेग वाढवायचा, म्हणजे त्याच्या घड्याळाची वारंवारता वाढवायची. त्यासाठी विद्युत्दाबही वाढवावा लागतो. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वारंवारता दीडपट आणि दाब सव्वापट केला, तर उष्णता दीड गुणिले सव्वाचा वर्ग, सुमारे २.३ पट होते! २००४ सालाच्या सुमारास काही प्रोसेसर १०० वॉटच्या वर उष्णता टाकू लागले. जुन्या काळचा शंभराचा दिवा तुम्ही पाहिला असेल. तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची! हा रस्ता पुढे बंद होता. तेव्हा एक चूल भडकवण्याऐवजी मध्यम आचेच्या दोन चुली मांडाव्या, असे ठरले. २००५ साली सामान्य ग्राहकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आले. त्याच्या आधीच, २००१ साली, आय.बी.एम. कंपनीने आपल्या ‘पॉवर ४’ या प्रोसेसरमध्ये एकाच तुकड्यावर दोन गाभे बसवले होते.

आता थ्रेड, म्हणजे धागा. आपल्या नगर जिल्ह्यात हरिनाम सप्ताह असला की गावोगाव भाकऱ्या भाजल्या जातात. एका चुलीपाशी एकटीच बसली, तर ती पीठ मळेपर्यंत आणि भाकरी थापेपर्यंत तवा रिकामाच तापत राहतो. त्याच चुलीपाशी दोघी बसल्या, प्रत्येकीची परात वेगळी, पण तवा एकच, तर एक थापते तेव्हा दुसरीची भाकरी भाजली जाते. तवा रिकामा राहत नाही.

प्रोसेसरचा गाभाही असाच वारंवार रिकामा बसतो, कारण दूरच्या स्मृतीतून आकडे येण्यास वेळ लागतो. म्हणून एका गाभ्यापाशी दोन कामे बसवायची, प्रत्येकाला स्वतःची रजिस्टरे, म्हणजे परात, द्यायची आणि आकडेमोडीची मंडले सामाईक ठेवायची, अशी युक्ती निघाली. इंटेल कंपनीने २००२ साली ती ‘हायपर-थ्रेडिंग’ या नावाने बाजारात आणली. बाहेरून पाहणाऱ्या आज्ञावलीला असा एक गाभा दोन प्रोसेसरसारखा दिसतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोघी बसल्या म्हणून भाकऱ्या दुप्पट होत नाहीत. तवा तर एकच आहे! थोड्या जास्त होतील, काही वेळा बऱ्याच जास्त होतील. दोघींचीही भाकरी एकाच वेळी तव्यावर पडायला आली, तर फायदा जवळजवळ शून्य. मोजणी अचूक असण्याची गरज येथूनच सुरू होते.

मोजणीदार कोण?

संगणक सुरू झाला की प्रथम मदरबोर्डवरील मूळ आज्ञावली जागी होते आणि मग ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती कारभार सोपवते. विंडोज, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमची नावे तुम्हाला माहीत आहेत. कोणते काम कोणत्या गाभ्यावर द्यायचे, हे तिनेच ठरवायचे असते. म्हणून खानेसुमारी तिलाच करावी लागते.

ती विचारते कोणाला? इंटेल आणि ए.एम.डी. यांच्या प्रोसेसरमध्ये ‘सीपीयूआयडी’ नावाची एक खास आज्ञा असते. ही आज्ञा दिली की प्रोसेसर स्वतःची माहिती रजिस्टरांत भरून देतो: तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या पिढीचा, त्याला काय काय येते. प्रश्नांना क्रमांक असतात, जसे जनगणनेच्या तक्त्यात रकाने.

मात्र एक अट आहे. ही आज्ञा ज्या थ्रेडवर चालते, त्याच्यापुरतेच उत्तर ती देते. चावडीवर बसून सगळ्या गावाची माहिती मिळत नाही, दारोदार जावे लागते. म्हणून मोजणारी आज्ञावली स्वतःला एकेका थ्रेडवर बांधून घेते, तेथे प्रश्न विचारते, उत्तर लिहून घेते आणि पुढच्या दारी जाते.

आणि प्रत्येक दारी मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्या थ्रेडचा पत्ता.

पिनकोडसारखा पत्ता

पत्त्याचे रहस्य समजण्यासाठी आपण आपला पिनकोड पाहू. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४१४००१. त्यातील पहिला ४ हा देशाचा विभाग सांगतो, दुसरा अंक उपविभाग, तिसरा टपाल वाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालय. एकच संख्या, पण तिच्या प्रत्येक भागाला वेगळा अर्थ. शेवटचे तीन अंक झाकले की ४१४ उरते आणि हे ज्यांचे सारखे, ती सारी कार्यालये एका गटातली.

प्रत्येक थ्रेडलाही असाच एक क्रमांक असतो. त्याला ‘एपिक’ क्रमांक म्हणतात. हा क्रमांक द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत, लिहिला की त्याचे भाग दिसू लागतात. उजवीकडचे अंक थ्रेड सांगतात, मधले कोअर आणि डावीकडचे सॉकेट.

एक उदाहरण घेऊ. समजा एका संगणकात २ सॉकेट आहेत, प्रत्येकात ६ कोअर आणि प्रत्येक कोअरवर २ थ्रेड. एकूण थ्रेड २ × ६ × २ = २४. पत्त्यासाठी किती अंक लागतील? थ्रेड दोनच, त्यांना १ द्विमान अंक पुरे. कोअर ६ आहेत. दोन अंकांत चारच मावतात, म्हणून ३ अंक हवेत. सॉकेट दोन, त्यांना १ अंक. एकूण ५ अंक.

आता २१ हा पत्ता पाहा. २१ म्हणजे १६ + ४ + १, द्विमान पद्धतीत १०१०१. डावीकडचा १ म्हणजे सॉकेट क्रमांक १. मधले ०१० म्हणजे कोअर क्रमांक २. उजवीकडचा १ म्हणजे थ्रेड क्रमांक १. येथे सारे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, हे विसरू नका.

पत्ता २० कोणाचा? २० म्हणजे १०१००. उजवीकडचा एक अंक झाकला, तर २० आणि २१ या दोन्हींचे १०१० एवढेच उरते. म्हणजे ही एकाच चुलीपाशी बसलेली जोडी!

मोजणीची रीत आता तुमच्याही लक्षात आली असेल. दारोदार फिरून २४ पत्ते गोळा करावे. ते जितके, तितके थ्रेड. प्रत्येकाचा उजवीकडचा एक अंक गाळून वेगवेगळ्या संख्या मोजाव्या. त्या १२ भरतील, ते कोअर. उजवीकडचे चार अंक गाळून पुन्हा मोजावे. २ उरतील, ते सॉकेट. किती अंक गाळायचे, हेही नव्या प्रोसेसरांत सीपीयूआयडीचा एक प्रश्न सांगतो.

फसव्या जागा

रीत इतकी सोपी असूनही अनेक आज्ञावल्यांनी या मोजणीत गोते खाल्ले आहेत. कोठे, ते पाहू.

पहिली फसवी जागा: रिकामी घरे. आपल्या उदाहरणात कोअरसाठी ३ अंक राखले, म्हणजे जागा ८ झाल्या. पण कोअर ६ च आहेत. पाच अंकांत ३२ पत्ते बसतात, प्रत्यक्ष वस्ती २४ पत्त्यांवरच. पहिल्या सॉकेटचे पत्ते ० ते ११, दुसऱ्याचे १६ ते २७. मधले १२ ते १५ आणि शेवटचे २८ ते ३१ रिकामे. सीपीयूआयडीचे काही जुने प्रश्न ‘पत्ते किती राखले आहेत’ एवढेच सांगतात. ती संख्या राहणाऱ्यांची समजली, की सहाचे आठ झालेच! प्लॉट पाडले म्हणून घरे बांधली गेली, असे होत नाही.

दुसरी जागा: नाव सारखे, वस्ती निराळी. कोअर क्रमांक २ पहिल्या सॉकेटमध्ये आहे आणि दुसऱ्यातही आहे. नुसते कोअर क्रमांक गोळा करून वेगळे किती ते मोजले, तर १२ ऐवजी ६ भरतात. गावात प्रत्येक वॉर्डात पाच नंबरचे घर असते. ‘घर नंबर पाच’ म्हटले की वॉर्ड विचारलाच पाहिजे.

तिसरी जागा: पाटीवरचे नाव. सीपीयूआयडीच्या उत्तरात हायपर-थ्रेडिंगच्या नावाचा एक अंक असतो. तो १ असेल, तर थ्रेडांची जोडी आहे, असे कोणालाही वाटेल. पण २००५ साली ज्या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरांत ही युक्ती मुळीच नव्हती, त्यांतही तो १ असे. कारण त्याचा खरा अर्थ ‘या वाड्यात एकाहून अधिक पत्त्यांची सोय आहे’ एवढाच. मग ते पत्ते दोन चुलींचे असोत की एका चुलीपाशी बसलेल्या दोघींचे.

चौथी जागा: गुणाकार. एका कोअरला विचारले, दोन थ्रेड मिळाले, मग सगळ्या कोअरांना दोनाने गुणले. पूर्वी हे खपून जाई. पण २०२१ साली इंटेलने एकाच प्रोसेसरमध्ये दोन जातींचे गाभे बसवले. त्यांच्या एका नमुन्यात ८ दणकट गाभे आणि ८ काटकसरी गाभे आहेत. दणकट गाभ्यावर दोन थ्रेड, काटकसरीवर एकच. कोअर १६ आणि थ्रेड ८ × २ + ८ = २४. गुणाकार करणारा ३२ म्हणेल किंवा १६ म्हणेल, दोन्ही चूक. येथे प्रत्येक दारी जाण्यावाचून गत्यंतर नाही.

पाचवी जागा: रिकामा सॉकेट. मदरबोर्डवर दोन बैठका आहेत, पण प्रोसेसर एकातच बसवला आहे. जो प्रोसेसर नाहीच, तो उत्तर कसे देणार? म्हणून सीपीयूआयडीने मोजले तर सॉकेट एकच भरतो. रिकाम्या बैठकीची नोंद मदरबोर्डच्या मूळ आज्ञावलीने ठेवलेल्या तक्त्यात असते. ‘आणखी एक प्रोसेसर बसेल का?’ या प्रश्नाला तो तक्ता पाहावा लागतो.

चूल कशाला म्हणावे?

कधी कधी मोजणीपेक्षा व्याख्याच अवघड होऊन बसते. २०११ साली ए.एम.डी. कंपनीने ‘बुलडोझर’ नावाच्या रचनेचे प्रोसेसर काढले आणि त्यांतील काही आठ गाभ्यांचे म्हणून विकले. त्यांत दोन दोन गाभ्यांची जोडी केलेली होती. पूर्णांकांची आकडेमोड करणारी मंडले प्रत्येकाची स्वतंत्र, पण अपूर्णांकांची आकडेमोड करणारे मंडल जोडीत सामाईक. म्हणजे चुली दोन, पण जाते एकच! ज्याच्याकडे पीठ तयार आहे, त्याला काही अडचण नाही. दोघांनाही दळायचे असेल, तर खोळंबा.

हे गाभे आठ म्हणायचे की चार? वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. २०१५ साली दावा दाखल झाला आणि २०१९ साली कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तडजोड केली. विंडोज ७ मध्येही या प्रोसेसरसाठी दुरुस्ती करण्यात आली. नवे काम आधी मोकळ्या जोडीला द्यावे आणि सर्व जोड्या गुंतल्यावरच जोडीतल्या दुसऱ्या गाभ्याला द्यावे, असा तिचा अर्थ होता.

पुण्याच्या महासंगणकांचा ताळा

आता एक खरा हिशेब करू. टाटा समूहाच्या पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेने ‘एका’ नावाचा महासंगणक उभारला. नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत तो चौथा आणि आशियात पहिला आला. यादीत त्याच्यापुढे १४,२४० ही संख्या आहे. ही संख्या कशाची?

त्याच्या प्रत्येक पात्यात दोन सॉकेट होते आणि प्रत्येक सॉकेटमध्ये चार गाभ्यांचा प्रोसेसर. म्हणजे एका पात्यात ८ गाभे. १४,२४० भागिले ८ म्हणजे १,७८० पाती. प्रत्येक गाभा सेकंदाला ३०० कोटी ठोके देई आणि दर ठोक्याला ४ गणिती क्रिया करू शके, म्हणजे सेकंदाला १,२०० कोटी क्रिया. त्याला १४,२४० ने गुणले की १७०.८८ लाख कोटी येतात. यादीत दिलेला कमाल वेग नेमका हाच आहे. म्हणजे १४,२४० ही संख्या गाभ्यांचीच, हा ताळा बरोबर जमला.

यातला बारकावा मात्र पाहण्यासारखा आहे. या चार गाभ्यांच्या प्रोसेसरच्या आवरणाखाली सिलिकॉनचे दोन वेगळे तुकडे होते, प्रत्येकावर दोन गाभे. एका तुकड्यावरचे दोघे मिळून एक कोठी वापरत. दुसऱ्या तुकड्याची कोठी वेगळी. म्हणजे वाड्याच्या आत दोन सोपे, प्रत्येक सोप्यात दोन चुली! यामुळेच आताच्या प्रोसेसरांत कोअर आणि सॉकेट यांच्या मध्ये आणखी पायऱ्या मोजण्याची सोय केली आहे.

दुसरा ताळा ‘प्रत्यूष’चा. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये हा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे गाभे १,१९,२३२. एका घटकात १८ गाभ्यांचे दोन प्रोसेसर, म्हणजे ३६ गाभे. भागाकार करा: ३,३१२ घटक, बाकी शून्य. प्रत्येक गाभा सेकंदाला ३,३६० कोटी क्रिया करू शकणारा. एकूण ४,००६ लाख कोटी. याही प्रोसेसरांत एका गाभ्यावर दोन थ्रेडांची सोय आहे. कोणी थ्रेडांनाच गाभे समजून २,३८,४६४ मोजले, तर कागदावर त्याची ताकद ८,०१२ लाख कोटी होईल. ती ताकद मात्र कोठेच अस्तित्वात नाही. भाकऱ्या करणाऱ्या मोजून तवे मोजल्याचे समाधान मानण्यासारखे ते आहे!

मोजणी चुकली तर?

तुम्ही म्हणाल, चुकली मोजणी तर चुकू द्या, काय बिघडते? हवामानाचेच उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सर्वांत मोठे. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळत असतो, तेव्हा पाथर्डी, कर्जत, जामखेडचे शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसलेले असतात. असा जिल्हा गणितात बसवायचा, तर त्याचे लहान लहान चौकोन पाडावे लागतात. १२ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले, तर जिल्ह्यात सुमारे ११८ येतात. ६ किलोमीटर बाजूचे पाडले, तर सुमारे ४७४. पुण्याच्या त्याच संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ हा ‘प्रत्यूष’हून कितीतरी शक्तिमान महासंगणक आला आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकोनांची ‘भारत अंदाज प्रणाली’ सुरू झाली.

असे सगळ्या पृथ्वीचे चौकोन हजारो गाभ्यांना वाटून देतात. पण वारा एका चौकोनातून दुसऱ्यात वाहतो. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर शेजाऱ्यांनी एकमेकांना आपल्या सीमेवरचे आकडे द्यावे लागतात. जो मागे राहिला, त्याच्यासाठी सारे थांबतात. पंगतीत शेवटच्या माणसाचे होईपर्यंत कोणी उठत नाही, तसेच.

समजा एका संगणकात ४ गाभे आणि ८ थ्रेड आहेत. चार सारखी कामे आली. एकटे असताना प्रत्येकाला एक तास लागतो. बरोबर वाटणी म्हणजे प्रत्येक गाभ्यावर एक काम. एका तासात सारे उरकले. आता ऑपरेटिंग सिस्टिमने आठही थ्रेड सारखेच मानले आणि दोन कामे एकाच गाभ्याच्या दोन थ्रेडांवर टाकली. एक गाभा रिकामा आणि एकावर दोघांची दाटी. जोडीने काम केल्याने त्या गाभ्याचे एकूण काम सव्वापट होते, असे धरले, तरी त्या दोन कामांना २ भागिले १.२५, म्हणजे १.६ तास लागतील. एक तासाचे काम एक तास छत्तीस मिनिटांवर गेले! यंत्र तेच, वीजही खर्च झाली. चुकली ती फक्त मोजणी. पावसाचा अंदाज पाऊस पडून गेल्यावर हाती आला, तर त्याचा उपयोग काय?

मोजणीवर पैसाही ठरतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी घरावर असते, घरातल्या माणसांवर नसते. काही आज्ञावल्यांचे परवाने असेच सॉकेटवर मिळत आणि मिळतात. उदाहरणार्थ, विंडोज १० ची घरगुती आवृत्ती एकच सॉकेट वापरते, व्यावसायिक आवृत्ती दोन. सर्व्हरसाठीच्या विंडोजचा परवाना मात्र २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजला जाऊ लागला.

यात आणखी एक गंमत होते. मोठ्या संगणकात अनेक ‘आभासी’ संगणक भाडेकरूंसारखे राहतात. त्यांनी सीपीयूआयडीचा प्रश्न विचारला, तर उत्तर मालक आज्ञावली देते आणि ती वाटेल तशी रचना सांगू शकते. तिने चार कोअर देताना ‘एकेका कोअरचे चार सॉकेट’ असे सांगितले, तर व्यावसायिक विंडोज १० दोनच वापरील आणि दोन फुकट जातील. तीच चार कोअर ‘एका सॉकेटमध्ये’ म्हणून सांगितली, की चारही कामाला लागतात!

शेवटी सुरक्षितता. एका चुलीपाशी बसलेल्या दोघींना एकमेकींचे बोलणे ऐकू येते. एका गाभ्यावरचे दोन थ्रेडही कोठ्या सामाईक वापरतात आणि त्यातून एकाची गुपिते दुसऱ्याला कळू शकतात, असे आढळले. या धास्तीने ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने जून २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांवरील जोडथ्रेड बंदच ठेवायचे ठरवले. पण बंद कोणता करायचा? जोडीदार कोण, हे कळल्याशिवाय ते ठरवता येत नाही. त्यासाठी पुन्हा पत्ताच वाचावा लागतो. नुसत्या क्रमांकावर विसंबून चालत नाही. एखाद्या संगणकावर ० आणि १ ही जोडी असते, तर दुसऱ्यावर ० आणि १२ ही.

तुम्हीही करून पाहा

शाळेतील किंवा घरच्या विंडोज १० किंवा ११ संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ निवडा. तेथे सॉकेट, कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे थ्रेड, असे तीन आकडे दिसतील. ते वहीत लिहा. चार-पाच संगणकांची अशी नोंद करून तक्ता बनवा. थ्रेड कोअरांच्या दुप्पट कोठे आहेत, समान कोठे आहेत आणि दोन्ही नाही असा एखादा संगणक सापडतो का, ते शोधा. सापडला, तर त्यात दोन जातींचे गाभे असण्याचा संभव आहे.

आता दोन उदाहरणे सोडवा. एक: वरील २ सॉकेट, ६ कोअर, २ थ्रेडांच्या संगणकात पत्ता २७ कोणाचा? त्याचा जोडीदार कोण? दोन: एका संगणकात १ सॉकेट, १० कोअर आणि प्रत्येकावर २ थ्रेड आहेत. पत्त्यासाठी किती द्विमान अंक राखावे लागतील आणि किती पत्ते रिकामे राहतील?

उत्तरे काढताना घर, चूल आणि माणूस यांची गल्लत होऊ देऊ नका. आणि पुढे कधी कोणी ‘संगणकात किती प्रोसेसर?’ असे विचारले, तर आधी ‘कशासाठी मोजायचे?’ असे विचारा. परवान्यासाठी हवे असेल तर सॉकेट किंवा कोअर, कामाच्या ताकदीसाठी कोअर आणि एकाच वेळी किती कामे बसवता येतील यासाठी थ्रेड. प्रश्न नेमका झाला, की मोजणीला वेळ लागत नाही.